चष्मा लावून बोलणाऱ्या काकू

काकूंना काही बोलायचे असले की त्या आधी चष्मा लावीत. नवख्या माणसाला वाटे, बाईंना आपला चेहरा नीट पाहायचा असावा. पण चष्मा लावून त्या समोरचा लॅपटॉप उघडीत, पडद्यावरच्या रंगीत चौकोनांवरून बाण फिरवीत आणि हवा तो चौकोन सापडला की दाबीत. मग लॅपटॉपमधून त्यांचाच आवाज येई, "बसा की. उभं का?" आवाज खणखणीत, साताऱ्याकडच्या वळणाचा, जरासा घाईतला. काकूंचे ओठ मात्र मिटलेले असत. पहिल्यांदा ऐकणारा माणूस बसायचे विसरून नुसता पाहत राही, तेव्हा त्या शांतपणे तोच चौकोन पुन्हा दाबीत.

करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत त्या समोरच्या दारात राहत. घशाच्या कर्करोगात त्यांचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले होते. श्वासासाठी गळ्याच्या तळाशी छिद्र होते आणि त्यावर त्या पांढरा सुती रुमाल बांधीत. रोज धुतलेला, रोज इस्त्री केलेला. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून होते. काटा संगणकाला जोडला गेला तेव्हा काकांना उतारवयात संगणक शिकावा लागला होता. त्या शिकण्याचा उपयोग असा होईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. ऑपरेशन ठरले तसे त्यांनी काकूंना स्वयंपाकघरात बसवले, समोर फोन ठेवला आणि रोजच्या वापरातली वाक्ये एकेक करून बोलून घेतली. सभेत भाषणाबरोबर चित्रे दाखवतात तशी एक फाइल त्यांनी तयार केली. पानापानावर चौकोन, चौकोनात चित्र आणि चित्रामागे काकूंचे वाक्य. चहाचा कप दाबला की "च्या टाकू का?", दार दाबले की "आले, आले". काका म्हणत, "काटा बदलला तरी माल तोच ऱ्हातो, सर. आवाज घरातच हाय."

मी पनवेलच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, म्हणून त्या घरात मी 'सर'. माझ्या नावाचाही एक चौकोन होता. त्यात पुस्तकाचे चित्र होते आणि तो दाबला की काकू म्हणत, "सर, डबा ऱ्हायलाय आमचा." मी डबे परत करायला विसरतो, हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच कायमचे नोंदवून ठेवले होते. पुढे मी कितीही तत्परतेने डबे परत केले तरी ते वाक्य काही बदलले नाही. डबा हातात देत असतानाही मला ते ऐकावे लागे, आणि काकू मिस्कील डोळ्यांनी माझ्याकडे पाहत.

त्या वाक्यांमध्ये त्या आठवड्याचे स्वयंपाकघर अडकून राहिले होते. "जेवायला चला" म्हणताना मागे कुकरची शिट्टी होती. "देवाला दिवा लावा" म्हणताना खाली भंगारवाला ओरडत होता. आणि सगळ्यात वरच्या चौकोनात एकच शब्द होता, "अवं". नवऱ्याला हाक मारण्याचा तो शब्द काकांनी त्यांच्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतला की शेवटी काकू वैतागल्या, आणि तो वैतागलेला शब्दच काकांनी ठेवून घेतला. त्यांना तो फार आवडे. काकूंनी तो चौकोन दाबला की ते हातातले काम टाकून येत आणि म्हणत, "काय झालं चिडायला?" काकू चिडलेल्या नसत. तरी त्या हसून घेत.

काकूंचा स्वभाव बोलका, पण त्यांचा राग, लोभ, काळजी हे सगळे आता एका सुरात बांधले गेले होते. आमच्या मजल्यावर एका घरी तरुण मुलगा गेला. काकू लॅपटॉप काखेत धरून भेटायला गेल्या. त्या बाईंसमोर बसून त्यांनी चष्मा लावला आणि चौकोनांची सगळी पाने चाळली. "जेवलीस का?" होते, "कशी हाईस?" होते, पण सगळी वाक्ये दारात उभ्या असलेल्या पाहुण्याशी बोलावे तशी हसतमुख होती. मी शेजारी उभा होतो. काकूंनी लॅपटॉप मिटला, जमिनीवर ठेवला आणि त्या बाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. परत येताना त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे दिला. तो त्यांना जड झाला होता असे मला तेव्हा वाटले.

एकदा सहज पाने पाहताना माझ्या लक्षात आले की त्यात 'दुखतंय' असा चौकोन कुठेच नाही. मी काकांना तसे म्हटले. ते दुसरीकडे पाहत म्हणाले, "ते कशाला? ऑपरेशन झालं, दुखणं गेलं." मी विषय वाढवला नाही. काकू तरुणपणापासून मशेरी लावीत आणि त्या मशेरीचा तंबाखू पनवेलच्या बाजारातून काकाच आणून देत, हे मला माझ्या पत्नीकडून कळले होते. त्यांच्या हातून तो चौकोन का झाला नसेल, हे मला कळत होते. कळूनही मी गप्प राहिलो. माझ्या स्वभावात हे गप्प राहणे फार आहे, आणि त्याला मी पुष्कळदा सभ्यता असे नाव देत आलो आहे.

काकूंचे घर रीतीभातीचे. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारे पुजायची, आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला लावायचे नाही, ही त्यातली एक रीत. बाजारातही त्या दिवशी वजनकाट्यावर नारळ फुटे आणि काटा बंद राही, त्यामुळे काकांनाही ती अंगवळणी पडलेली. विळी, सुरी, शिलाई मशीन, काकांचा स्क्रू ड्रायव्हर यांच्या रांगेत काकू लॅपटॉपही पाटावर ठेवीत. झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचे फूल. ज्या यंत्रातून आपण बोलतो त्याला वर्षातून एक दिवस विसावा, आणि त्याच्याबरोबर आपणही मौन पाळायचे, असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी त्यांच्या घरी गेले की काकू फक्त हाताने बसा म्हणत.

गेल्या खंडेनवमीला घात झाला तो या रीतीमुळेच. लॅपटॉपच्या पडद्यावर कित्येक आठवडे एक सूचना येत होती की या जुन्या प्रणालीला यापुढे सुरक्षा मिळणार नाही, नवी घ्या. काका अशा सूचनांना घाबरत. पूजेच्या आधी होऊन जाईल या अंदाजाने त्यांनी सकाळीच नवी प्रणाली चढवायला लावली आणि फुले आणायला पनवेलला गेले. काम रेंगाळले. इकडे पूजेची वेळ झाली. काकूंनी पाट मांडला, रांगोळी काढली आणि पाहिले तर लॅपटॉपवर ठिपके गोल गोल फिरत होते. खाली इंग्रजीत लिहिले होते की संगणक बंद करू नका. काकूंना इंग्रजी येत नव्हते. त्यांना एवढेच दिसले की यंत्र अजून राबते आहे. राबत्या यंत्राची पूजा कशी करायची? रोज झोपताना करीत तसे त्यांनी बटण दाबून धरले. ठिपके थांबले, पडदा काळा झाला. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला, पाटावर ठेवला आणि झाकणावर कुंकवाचे बोट टेकवले.

दसऱ्याच्या सकाळी काका तो लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून आमच्या दारात उभे राहिले. झाकणावर कुंकू तसेच होते.

"सर, हे उघडंना."

मी यंत्र सुरू केले. चिन्ह आले, ठिपके फिरले, 'बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाची ओळ आली, मग पडदा काळा झाला आणि पुन्हा चिन्ह आले. ते यंत्र त्या एका वर्तुळातून बाहेर पडत नव्हते. काय झाले ते काकांनी सांगितले, पण काकूंना बोल न लावता. "चुकून बंद पडलं," एवढेच ते म्हणाले. काकू त्यांच्या मागे दारात उभ्या होत्या. त्यांनी बोटाने स्वतःकडे दाखवले आणि मान हलवली. ते काकांना दिसू नये अशा बेताने.

"दुसरीकडे कुठे ठेवलंय का हे सगळं?" मी विचारले.

काकांच्या चेहऱ्यावर थोडे तेज आले. "म्हणजे काय? दर महिन्याला बॅकअप घेतो. बाजारात शिकवलंवतं आम्हाला." त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. मी तो माझ्या यंत्राला लावला. त्यात महिन्यामहिन्याची नावे दिलेली फोल्डरे होती, आणि प्रत्येकात एकच छोटे चित्र होते, कोपऱ्यात वाकडा बाण असलेले. मूळ फाइलकडे जाण्याची ती नुसती वाट होती. काका दर महिन्याला घराचा पत्ता जपून ठेवत आले होते, आणि त्यांना वाटत होते की आपण घरच उचलून ठेवतो आहोत. हे त्यांना समजावताना मी शक्य तितका हळू आवाजात बोललो. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तिचा आवाज फक्त ह्यात हाय."

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी वेळ मिळेल तेव्हा बसू लागलो. माऊस, तारा, जे काही जोडलेले होते ते काढले. यंत्र ऐन सुरुवातीला मुद्दाम बंद पाडून दुरुस्तीचा निळा पडदा आणला. त्याने स्वतःची तपासणी केली आणि दुरुस्त करता आले नाही असे कळवले. मागच्या प्रणालीकडे परत जा म्हटले, तर तेही जमले नाही. कमीत कमी गोष्टी घेऊन सुरू हो म्हटले, तर पुन्हा ते वर्तुळ. शेवटी दोनच पर्याय उरले. एक, तुमच्या फाइली ठेवून सगळे नव्याने बसवा. दोन, सगळे पुसून टाका.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. "ठेवतो म्हणतंय की. दाबा."

"म्हणतंय, पण अर्ध्यात अडकलं तर? आधीच अर्धवट आहे सगळं."

"मग?"

"आधी आवाज बाहेर काढू. मग त्याला काय करायचं ते करू."

काकांना ते पटले, पण धीर नव्हता. ते सारखे येऊन पडद्याकडे पाहत, जणू काट्यावर गाडी चढली आहे आणि आकडा स्थिर होत नाही. आवाज बाहेर काढण्यासाठी पेन ड्राइव्हवरूनच चालणारी दुसरी प्रणाली हवी होती, जी आतल्या हार्ड डिस्कला हात न लावता नुसती पाहू शकेल. एवढी मोठी फाइल घरच्या नेटवर उतरेना, म्हणून ती मला महाविद्यालयातल्या यंत्रावर तयार करावी लागणार होती, आणि दसऱ्याला जोडून सुट्या आल्या होत्या. त्या दिवसांत त्या घरात दोन माणसे एकमेकांना हातवारे करून, भांडी वाजवून, दारावर टकटक करून बोलत होती. काका तर स्वतःही कमी बोलू लागले होते. काकू आंघोळीला गेल्या की ते मला कुजबुजत विचारीत, "मिळंल ना, सर?"

सुट्या संपायच्या आधीच्या एका दुपारी मी आणखी एक प्रयत्न करीत त्यांच्याकडे बसलो होतो. काका कळंबोलीला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला या बाबतीत विचारायला गेले होते. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्या मागे उभ्या राहिल्या. मी म्हटले, "काकू, होईल हो. मी लवकर करतो."

मागून आवाज आला. वाळलेली काटकी तुकड्यातुकड्याने मोडावी तसा. "घाई... करू... नगा."

मी आधी लॅपटॉपकडे पाहिले. पडदा काळाच होता. मग वळलो, आणि वळताना कप कलंडला. चहा बशीत आणि बशीतून टेबलावर गेला. काकूंनी फडके आणून टेबल पुसले. माझ्या चेहऱ्यावर काय आले असेल ते त्यांनी पाहिलेच असणार. मी दचकलो होतो. आणि दचकण्यापलीकडेही काही होते, ज्याला मी आजवर नाव दिलेले नाही. तो आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. ढेकरासारखा पोटातून येत होता, आणि त्यात साताऱ्याचे ते वळण मात्र तसेच होते.

त्यांनी खुर्ची ओढली आणि थांबत थांबत सांगितले. हवा गिळायची आणि ती वर येताना तिच्यावर शब्द ठेवायचे, हे रुग्णालयातल्या एका बाईंनी त्यांना शिकवले होते. घरी येऊन त्यांनी पहिला शब्द म्हटला तो "अवं". काका उठून गॅलरीत गेले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

"त्यास्नी... सोसना. तवापासनं... त्यांच्याम्होरं... बंद." त्यांनी श्वास घेतला. "मशीन सुरू झालं की... पुन्यांदा... बटनं. थोडं दिस... जाऊ द्या. मी... धीर करते."

मी हो म्हणालो. त्या घरातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या मनात मात्र एकच विचार होता, की यंत्र लवकरात लवकर सुरू व्हावे.

घरी येऊन मी हे पत्नीला सांगितले. मंगल मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मला तर रोज दुपारी ऐकू येतो तो आवाज. आम्ही भाजी निवडतो तेव्हा."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी दुपारी घरी असता? आणि तुम्ही आलात की त्या चष्मा लावतात." तिने हातातली शेंग सोलून संपवली. "त्यांच्या कानाखाली दुखतंय. गणपतीपासून. डॉक्टरकडे जायला हवं."

"काकांना सांगायला नको?"

"लिहून दाखवलं त्यांनी. काका चिठ्ठी वाचतात, खिशात ठेवतात आणि खाली जातात फिरायला. चिठ्ठीला उत्तर नाही दिलं तरी चालतं ना? त्या म्हणतात, तोंडाने सांगितलं तर त्यांना ऐकावंच लागेल. पण तोंड उघडलं की हा माणूस गॅलरीत."

"मग मी सांगतो काकांना."

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाल्या, माझं दुखणं आहे, मी सांगीन. आठवडाभर थांब म्हणाल्या. नाही जमलं तर तू सांग."

लॅपटॉप सुरू झाला तर त्या पुन्हा चौकोनांमागे जातील, आणि चौकोनांत दुखणे नव्हते. हे सगळे मला त्या दिवशी स्पष्ट कळले होते. तरीही महाविद्यालय उघडले त्याच दिवशी मी ती प्रणाली पेन ड्राइव्हवर तयार केली. काकांचा चेहरा पाहवत नाही, असे कारण मी स्वतःला दिले. ते खोटे नव्हते. पण दुसरे कारण अधिक खरे होते. तो मोडक्या काटकीचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. मला ठणठणीत काकू हव्या होत्या, डब्याची आठवण करून देणाऱ्या. काकांना मी मनातल्या मनात भित्रा म्हणत होतो, आणि त्याच वेळी त्यांच्यासारखेच करीत होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आम्ही चौघे त्यांच्या बैठकीच्या खोलीत जमलो. यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू झाले. काकूंच्या नावाचे फोल्डर जागेवर नव्हते तेव्हा काका खाली बसले. मी शोधत गेलो. अर्धवट चढलेल्या नव्या प्रणालीने जुने सामान एका बाजूच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकले होते, घर बदलताना खोकी जिन्यात राहावीत तसे. त्यात सगळे होते. मी आधी ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, मग माझ्या लॅपटॉपवर उघडले. पहिले पान आले. काकांनी पुढे होऊन सगळ्यात वरचा चौकोन दाबला.

"अवं," काकू वैतागून म्हणाल्या. मागे कुठेतरी नळ वाहत होता.

काकांच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी लॅपटॉप काकूंपुढे सरकवला. "घे. बोल आता. बोल काय बोलायचं ते."

काकूंनी चष्मा लावला. पानाकडे पाहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, मान किंचित खाली घेतली आणि हवा गिळली.

"अवं."

तोच शब्द, त्या दुसऱ्या आवाजात. काका उठले. गॅलरीच्या दारापर्यंत गेले. मी खाली पाहत होतो. मंगलने माझा हात धरला होता, मी मध्येच काही बोलून हे मोडू नये म्हणून असावा.

"हितं," काकूंनी कानाखाली बोट ठेवले. "हितं... दुखतंय."

काका दाराची चौकट धरून उभे राहिले. पाठ आमच्याकडे होती. ते बाहेर गेले नाहीत. मग ते वळले, परत आले, काकूंच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "कवापासनं?"

"गणपती... पासनं."

"पुन्यांदा म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटले. काका मान हलवत ऐकत होते, काट्यावरचा आकडा दुसऱ्यांदा तपासून घ्यावा तसे.

दुसऱ्या दिवशी ते काकूंना रुग्णालयात घेऊन गेले. रोग परतला होता. वेळेत आलात असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि उशीर केलात असेही म्हणाले नाहीत. उपचार सुरू झाले. लॅपटॉप मी नव्याने दुरुस्त करून दिला आणि चौकोनही त्यावर चढवून दिले, पण काकूंनी तो पुन्हा बोलण्यासाठी उघडला नाही. काका त्यावर संध्याकाळी त्यांना अभंग लावून देत.

त्या शेवटच्या महिन्यांतल्या काकू मला जास्त आठवतात. गिळलेली हवा थोडी, म्हणून वाक्ये लहान. त्या म्हणत, "पयलं... लई बोलायचे. आता... निवडून." पाच शब्दांचे त्या दोन करीत आणि त्या दोनांत नेम चुकत नसे. काकांनी नेभळटपणे हॉस्पिटलच्या कागदांबद्दल तक्रार केली की त्या म्हणत, "रडा... नंतर." इमारतीतल्या नव्या बाळाला त्यांनी नावाने हाक मारली, चौकोनांमध्ये त्याचे नाव नव्हते, कारण ते जन्मायच्या आधीच चौकोन भरले होते. मुलगा गेलेल्या त्या बाईंकडे त्या पुन्हा गेल्या आणि काय बोलल्या ते त्या दोघींनाच ठाऊक. काका आता त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलणे ओळखू लागले होते. आम्हाला एखादा शब्द लागला नाही तर ते सांगत, "ती म्हणती, पंखा कमी करा." एकदा ते असेच सांगत असताना काकूंनी त्यांना थांबवले, "चूक. पंखा... बंद." आणि दोघेही हसले. हसताना काकूंचा आवाज येत नसे. गळ्यावरचा रुमाल तेवढा हलत असे.

एकदा मी त्यांच्याजवळ एकटाच बसलो होतो. मला त्या सांडलेल्या चहाबद्दल बोलायचे होते आणि सुरुवात सापडत नव्हती. ते त्यांनी कसे ओळखले, कोण जाणे. म्हणाल्या, "सर... त्या दिशी... भ्यालासा."

मी हो म्हटले.

"मी बी. पयल्यांदा... आइकला तवा... मीच भ्याले." थोडी हवा गिळून त्यांनी पुढचे म्हटले, "मग म्हनलं... हाय त्ये... आपलंच."

होळीच्या आधी काकू गेल्या. शेवटचे काही दिवस त्या घरीच होत्या. अखेरच्या रात्री काय बोलल्या, असे काकांना आम्ही कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. दहाव्या-तेराव्याला साताऱ्याकडची माणसे आली, गेली. घर रिकामे झाल्यावर एका दुपारी काका लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. मी त्या दिवशी घरी होतो. मंगल मेथी निवडत होती.

त्यांनी लॅपटॉप उघडला, पण कुठलाही चौकोन दाबला नाही.

"सर, ह्यात सगळं आधीचं हाय."

"हो."

"नंतरचं कायबी न्हाय."

मी त्यांच्याकडे पाहिले.

"मी केलंच न्हाय टेप. सुचलंच न्हाय. तुम्ही कुणी केलं का? फोनवर, कशावर? चुकून?"

मी माझा फोन शोधला. मंगलने तिचा शोधला. आमच्याकडे काकूंचे काही फोटो होते, हळदीकुंकवाचा एक व्हिडिओ होता, त्यात त्या बसलेल्या दिसत होत्या आणि सगळ्या बायका एकाच वेळी बोलत होत्या. तो आम्ही तीनदा लावला. काकूंचे ओठ एकदा हलले, पण त्यावर कुणाचे तरी हसणे होते.

"असू द्या," काका म्हणाले आणि लॅपटॉप मिटायला लागले.

मंगलने मेथीची जुडी बाजूला ठेवली. पदराला हात पुसले. मला वाटले ती चहा टाकायला उठते आहे. ती उठली नाही. मान किंचित खाली घेऊन, तोंड मिटून तिने काहीतरी गिळल्यासारखे केले आणि घशाच्या तळातून, मोडका, खरखरीत शब्द काढला.

"अवं."

काकांचे हात लॅपटॉपच्या झाकणावर थांबले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला भीती वाटली की हे क्रूर झाले, मी मंगलला खुणेने थांबवणार होतो.

"असं न्हाय," काका डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले. "आधी जरा थांबायची ती."

मंगल थांबली. मग पुन्हा म्हणाली.

काकांनी मान एका बाजूला कलती करून ऐकले. "जवळ आलं," ते म्हणाले. "आणखी घोगरं कर."